ग्राफिक्स कार्ड ओटीजीत भाजायचंच असेल तर

मशीन सुरू होताना सर्वांत आधी दिसणाऱ्या बायोसच्या लोगोपासूनच स्क्रीनवर रंगीत ठिपक्यांच्या ओळी. विंडोज कसंबसं सुरू झालं तर थोड्या वेळात काळोख. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि ‘कोड ४३’, म्हणजे बिघाड दिसला म्हणून विंडोजने कार्ड थांबवलंय. वॉरंटी केव्हाच संपलेली. अशा कार्डाबद्दल कुठेही विचारा, कुणीतरी हमखास सांगणार, “ओव्हनमध्ये दहा मिनिटं भाज, चालू होईल.” आणि पंचाईत अशी की कधीकधी ते खरंच चालू होतं.

घरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, ते कसं करायचं, हे खाली सविस्तर दिलंच आहे. पण भाजून जिवंत झालेलं कार्ड मुदतवाढीवर असतं. ही मुदत काही दिवसांची असते, नशीब असेल तर काही महिन्यांची. म्हणून जे कार्ड भंगारात जाणार हे नक्की झालंय, त्याच्यावरच हा प्रयोग करावा. बिघाड कार्डाच्या चिपमध्येच आहे हे ठरवण्यात जेवढा वेळ जाईल, तेवढा भाजण्यात जाणार नाही. तो वेळ घालवायलाच हवा.

हे खूळ आलं कुठून

१ जुलै २००६ पासून युरोपीय महासंघात इलेक्ट्रॉनिक वस्तूंमध्ये शिसं वापरण्यावर निर्बंध आले आणि जगभरच्या कारखान्यांनी सोल्डर, म्हणजे घटक जोडायला वितळवून वापरतात तो धातू, बदललं. कथील आणि शिशाचं जुनं सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळायचं. त्याच्या जागी आलेलं कथील-चांदी-तांब्याचं सोल्डर २१७ ते २२० अंशांना वितळतं आणि जास्त ठिसूळ असतं. याच सुमारास चिपा भरपूर तापू लागल्या होत्या. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की लॅपटॉपमधल्या त्यांच्या काही चिपांच्या पॅकेजिंगचं साहित्य कमकुवत निघालं आहे आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागत आहेत. त्याच वर्षी ॲपलनेही ८६०० एम जीटी चिप असलेल्या मॅकबुक प्रोंची मोफत दुरुस्ती जाहीर केली. ८८०० जीटी, ८८०० जीटीएक्स ही त्या पिढीतली डेस्कटॉपची कार्डं. ओव्हनचे किस्से मुख्यतः त्यांच्यावरूनच पसरले.

तेव्हा सगळ्यांनी तर्क केला तो असा: चिपेखालचं सोल्डर तडकलं आहे, ओव्हनमध्ये ते वितळतं आणि पुन्हा चिकटतं. ऐकायला पटतं, पण आकडे जुळत नाहीत. सगळीकडे फिरणारी कृती ३८५ फॅरनहाइटची, म्हणजे १९६ अंश सेल्सियसची आहे. शिसंविरहित सोल्डर त्या तापमानाला वितळतच नाही.

मग होतं काय? चिपेचे सांधे दोन पातळ्यांवर असतात. चिपेचं हिरवं पॅकेज मोठ्या सोल्डर गोळ्यांनी पीसीबीला, म्हणजे कार्डाच्या मूळ बोर्डाला, जोडलेलं असतं. त्या पॅकेजच्या वर मधोमध जो आरशासारखा चकचकीत सिलिकॉनचा तुकडा दिसतो, त्याच्याखाली अतिसूक्ष्म गोळ्यांची आणखी एक फौज असते. त्यांना बंप म्हणतात आणि त्यांच्याभोवती अंडरफिल नावाचं रेझिन भरलेलं असतं. २००८ च्या प्रकरणातली गोम या वरच्या थरात होती. कार्ड तापलं, निवलं, पुन्हा तापलं, की सिलिकॉन आणि त्याखालचं पॅकेज वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. अंडरफिल मऊ पडलं तर सगळा ताण बंपवर येतो आणि त्याला केसासारखी चीर जाते. त्या काळचे जास्त शिशाचे बंप वितळायला तीनशे अंशांच्या वर तापमान लागतं. घरच्या ओव्हनमध्ये ते वितळण्याचा प्रश्नच नाही. उष्णतेने सगळं थोडं फुगतं, वाकतं आणि चिरेच्या दोन्ही कडा पुन्हा एकमेकींना टेकतात. संपर्क जुळतो, पण सांधा तुटलेलाच राहतो. कार्ड पुन्हा तापू-निवू लागलं की तीच चीर उघडते.

भाजण्याआधी

पहिला संशय एसएमपीएसवर, म्हणजे मशीनच्या पॉवर सप्लायवर घ्या. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, सहा पिनी केबलमधून आणखी ७५, आठ पिनीतून १५०. स्वस्तातल्या कॅबिनेटबरोबर आलेला, ‘५०० वॉट’ असं मोठ्या अक्षरांत छापलेला एसएमपीएस प्रत्यक्षात १२ व्होल्टच्या लाइनवर किती देतो हे त्याच्या बाजूच्या लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. ते वाचा. गेम सुरू केल्यावरच मशीन बंद पडत असेल तर मित्राचा एसएमपीएस लावून बघा. कार्ड दुसऱ्या मशीनमध्ये घालून बघणं तर याहून सोपं. तिथे ते नीट चाललं तर हा लेख इथेच मिटवायला हरकत नाही.

मॉनिटरची केबल आणि पोर्ट बदलून बघा. मग ड्रायव्हर. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून डीडीयू म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलरने जुना ड्रायव्हर मुळासकट काढा आणि नवा घाला. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाच्या नोंदी दिसत असतील तर ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा होऊन पुन्हा उभा राहतोय एवढंच त्यातून कळतं. दोष कार्डाचा की ड्रायव्हरचा, हे त्यावरून ठरत नाही. मात्र ठिपके किंवा पट्टे बायोसच्या स्क्रीनवरच दिसत असतील तर ड्रायव्हर निर्दोष आहे, कारण तोवर तो लोडच झालेला नसतो.

आता कार्ड बाहेर काढा. मुंबई, कोकण, गोवा इथल्या खाऱ्या दमट हवेत कार्डाच्या सोनेरी पट्टीवर डाग चढतात आणि निव्वळ तेवढ्याने कार्ड ओळखलं जात नाही. आपल्याकडे खोडरबर घासायची जुनी पद्धत आहे. ती चालते, पण सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो. पांढरा मऊ रबर घ्या, एक-दोनदाच हलक्या हाताने फिरवा आणि मग ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नुसत्या अल्कोहोलने डाग निघत असेल तर रबर घेऊच नका. स्लॉटमध्ये ब्लोअर किंवा ब्रशने धूळ काढा.

पंखे फिरतात का, हीटसिंकच्या, म्हणजे चिपेची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांत धुळीचा गालिचा बसलाय का, हे बघा. पाच-सहा वर्षं जुन्या कार्डाची थर्मल पेस्ट, म्हणजे चिप आणि हीटसिंक यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप, वाळून खडखडीत झालेली असते. जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम लावून तापमान बघा. चालू केल्याबरोबर ते सरसर चढून नव्वदीच्या पुढे जात असेल तर पेस्ट आणि थर्मल पॅड (तेच काम करणारे मऊ तुकडे) बदलल्यावरच कार्ड सुधारण्याची बरीच शक्यता आहे. पॅडची जाडी मूळच्याइतकीच हवी. ०.५, १, १.५, २ मिलिमीटर असे ते मिळतात. एक मिलिमीटरच्या जागी दीडचा घातला तर हीटसिंक अधांतरी राहतो, चिपेला टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढतं.

कार्ड चालतंय पण चुकतंय, असं असेल तर आफ्टरबर्नर या प्रोग्राममध्ये मेमरीचा आणि कोअरचा, म्हणजे मुख्य चिपेचा, वेग शंभर-दोनशे मेगाहर्ट्झने उतरवून बघा. मेमरीचा वेग कमी केल्यावर ठिपके गेले तर दुखणं मेमरीच्या चिपेत किंवा तिच्या सांध्यांत आहे. ओसीसीटी या प्रोग्राममधली व्हीरॅमची, म्हणजे कार्डाच्या मेमरीची, चाचणीही तेच सांगेल. वेग उतरवून कार्ड कामापुरतं चालत असेल तर तसंच चालवा. भाजून त्याहून बरं काही पदरात पडणार नाही.

शेवटी मल्टीमीटर. कार्ड मशीनबाहेर ठेवून पॉवर केबलच्या सॉकेटमधल्या १२ व्होल्टच्या पिना आणि ग्राउंड यांच्यातला रोध मोजा. तो शून्याला टेकत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. बहुतेक वेळा एखादा मॉस्फेट किंवा कपॅसिटर (वीज सांभाळणारे छोटे घटक) गेलेला असतो, आणि असं कार्ड भाजून काहीही होत नाही. मात्र कोअरजवळच्या कॉइलवर मोजताना मीटरने बीप दिली म्हणून दचकू नका. मोठ्या चिपेचा रोध मुळातच एखाद-दुसरा ओहम किंवा त्याहूनही कमी असतो. चांगलं कार्ड याच गैरसमजातून मेलेलं ठरवणारे पुष्कळ आहेत.

हे कार्ड भाजू नका

वॉरंटीतलं कार्ड. कपॅसिटर फुगलेलं किंवा गळलेलं कार्ड. जळल्याचा वास येणारं किंवा करपल्याची खूण असलेलं. पॉवरचं सॉकेट वितळलेलं. पडून पीसीबी वाकलेलं. शॉर्ट दाखवणारं. लॅपटॉपचा अख्खा मदरबोर्डही नको, त्यावर प्लास्टिकची सॉकेटं आणि बटण सेल असतात.

नव्या पिढीची मोठी कार्डंही नकोत. एक तर ३० सेंटिमीटरचं कार्ड सोळा-वीस लिटरच्या ओटीजीत मावत नाही. ८८०० जीटी जेमतेम २३ सेंटिमीटरचं होतं, म्हणून ते मावायचं. दुसरं असं की या कार्डांचा भाव एवढा आहे की ते जाणकाराकडे नेणंच परवडतं.

ओटीजी आणि बाकीचं सामान

मायक्रोवेव्हचा विचारही करू नका. धातूवर ठिणग्या उडतील, कार्ड जाईल आणि मायक्रोवेव्हही. कन्व्हेक्शन मोड असला तरी नको.

ज्या ओटीजीत नानकटाई आणि केक होतो तोही नको. यात मी तडजोड करणार नाही. दोनशे अंशांना शिशाची वाफ होत नाही, भीती तिची नाही. पण फ्लक्सचा (सोल्डर करताना लावलेल्या रसायनाचा) चिकट अंश, पीसीबीचं रेझिन, राहून गेलेलं स्टिकर आणि प्लास्टिक यांचा धूर आतल्या पत्र्यावर बसतो आणि पुढच्या वेळी तापल्यावर अन्नात उतरतो. जुना, टाकाऊ ओटीजी मिळाला तरच हे करा. एकदा कार्ड भाजलं की त्यावर मार्करने ‘अन्नासाठी नाही’ असं मोठं लिहून ठेवा. गॅलरीत किंवा दारं-खिडक्या उघडून, टेबलफॅनचं तोंड बाहेरच्या दिशेला करून काम करा. मुलं, गरोदर बाई, दम्याचा रुग्ण आणि पिंजऱ्यातले पक्षी त्या खोलीच्या आसपास नकोत. ओटीजी चालू असताना जागा सोडू नका. प्लग अर्थिंगच्या सॉकेटमध्येच लावा.

ओटीजीच्या बटणावरचे आकडे ढोबळ असतात, प्रत्यक्षात वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो. म्हणून के टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी वायर, लागतं. बऱ्याच मल्टीमीटरबरोबर ती पिवळ्या प्लगची बारीक वायर येतेच. तिचं टोक कार्डाच्या पीसीबीवर, चिपेपासून बोटभर अंतरावर, उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने चिकटवायचं. ओटीजीतली हवा किती तापली यापेक्षा कार्ड किती तापलं हे महत्त्वाचं.

याशिवाय ॲल्युमिनियम फॉइल, नवी थर्मल पेस्ट, पॅड, अल्कोहोल आणि चांगला स्क्रू ड्रायव्हर.

कृती

कार्ड पूर्ण नागवं करा. हीटसिंक, पंखे, प्लास्टिकचं आवरण, बॅकप्लेट, पोर्टांपाशी असलेली लोखंडी पट्टी, सगळं काढायचं. मागच्या बाजूला चिपेभोवती चार स्प्रिंगचे स्क्रू असतात. ते आळीपाळीने, समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा सैल करा. एकच बाजू पूर्ण सोडली तर सिलिकॉनचा कोपरा टवका उडून जातो आणि मग पुढचं काही करायचं राहत नाही. पेस्ट वाळल्याने हीटसिंक निघत नसेल तर उचकटू नका. हेअर ड्रायरने दोन मिनिटं गरम करा आणि डावी-उजवीकडे हलकेच पीळ द्या. पंख्याची वायर ओढून तोडण्याची वेळ बहुतेकांवर इथेच येते, म्हणून हीटसिंक बोटभरच उचला, आधी ती वायर सॉकेटमधून सोडवा आणि मग तो बाजूला घ्या. स्टिकर, जुने पॅड, पेस्ट यांचा कणही ठेवू नका. अल्कोहोलने पुसून वाळू द्या.

मग वाळवण. ही पायरी जवळपास सगळे गाळतात. पीसीबी आणि चिपेचं पॅकेज हवेतली ओल शोषून घेतात, आपल्या पावसाळ्यात तर फारच. ते एकदम दोनशे अंशांवर नेलं तर आतल्या ओलीची वाफ होऊन लाही फुटावी तसे थर आतून सुटतात. ११० ते १२० अंशांवर कार्ड दोन तास ठेवा. ओटीजीचा टायमर बहुधा साठ मिनिटांचाच असतो, तो दोनदा फिरवावा लागेल.

ट्रेवर फॉइल अंथरा. फॉइलच्याच लिंबाएवढ्या चार गोळ्या करून कार्डाच्या चार कोपऱ्यांतल्या स्क्रूच्या भोकांखाली ठेवा, म्हणजे कार्ड ट्रेला न टेकता अधांतरी आणि अगदी सपाट राहील. चिप वरच्या बाजूला. ट्रे मधल्या खाचेत. ओटीजीच्या वरच्या-खालच्या सळ्या थेट आच फेकतात, त्यामुळे उंच, नळकांड्यासारखे कपॅसिटर आणि पोर्टांचं प्लास्टिक फॉइलच्या दोन-तीन पदरांनी झाका. हे कपॅसिटर साधारण १०५ अंशांचे असतात. थोडा वेळ जास्त ताप ते सोसतील, पण त्यांचं उरलेलं आयुष्य घटतं. फॉइल चिपेवर येऊ देऊ नका. ओटीजीत पंखा असेल तर लावा.

आता तापमान हळूहळू वाढवा. १५० अंशांवर पाचेक मिनिटं थांबा, मग वर न्या. थर्मोकपल १९५ दाखवू लागला की तिथून आठ मिनिटं मोजा. २०० च्या वर जाऊ देऊ नका. कुणी म्हणेल, सोल्डर वितळत नाही तर २३० वर नेऊ या. कारखान्यात नेतात, तिथे शिखर २४० च्या आसपास असतं. पण तिथला पट्ट्यावरचा ओव्हन सेकंदासेकंदाला तापमान सांभाळतो आणि वितळलेल्या अवस्थेचा काळ मिनिटभराचाच असतो. ओटीजीत एका टोकाला २१० आणि दुसऱ्या टोकाला २५० अशी अवस्था होते. पीसीबी मधे झुकते आणि खालच्या बाजूचे जड भाग गळून ट्रेमध्ये पडतात.

वेळ झाली की बटण बंद करा आणि हात मागे घ्या. ट्रे ओढायचा नाही, ओटीजीला धक्का द्यायचा नाही, फुंकर मारायची नाही. दहा मिनिटांनी दार अर्धवट उघडा आणि कार्ड हाताला गार लागेपर्यंत, म्हणजे तासभर तरी, आहे तिथेच राहू द्या. घाई केली तर त्याच चिरा पुन्हा पडतात.

जोडणी आणि पहिली सुरुवात

भिंग घेऊन कार्ड दोन्ही बाजूंनी बघा. कपॅसिटर फुगलेत का, एखादा बारीक घटक तिरका झालाय का, पीसीबीवर फोड आलाय का. १२ व्होल्टचा रोध पुन्हा मोजा. आधी नसलेला शॉर्ट आता दिसत असेल तर कार्ड मशीनमध्ये घालू नका, मदरबोर्डही जाईल.

सगळं ठीक असेल तर नवी पेस्ट, नवे पॅड, स्क्रू तिरप्या क्रमाने आवळा. पंख्याची वायर विसरू नका. पहिल्यांदा नुसतं बायोसपर्यंत जा, पाच मिनिटं थांबा. मग विंडोज, मग ड्रायव्हर. चित्र स्वच्छ दिसलं म्हणून लगेच फरमार्कसारखी कार्डावर पूर्ण ताण टाकणारी चाचणी लावून कार्डाची परीक्षा बघू नका. तीच परीक्षा त्याची अखेरची ठरते.

पुढे जितके दिवस चालवायचं तितके दिवस कार्डाचा तापण्या-निवण्याचा झोका लहान ठेवा. वेग आणि पॉवर लिमिट उतरवा, पंखा आधीच जोरात फिरेल असं बघा, गेम साठ फ्रेमवर बांधा. या मुदतीत दुसऱ्या कार्डासाठी पैसे बाजूला टाका. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स नसेल, इंटेलच्या ‘एफ’ प्रकारांत ते नसतं, तर कार्ड गेल्यावर स्क्रीनच येणार नाही. म्हणून कुणाकडून तरी साधं जुनं कार्ड आणून ठेवा. महिन्याभरात ठिपके परत आले तर दुसऱ्यांदा भाजू नका. प्रत्येक खेपेला मिळणारी मुदत कमी होते आणि कपॅसिटर, पॅकेज, पीसीबी यांची हानी साठत जाते.

दुकानात न्यायचं असेल तर

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीच्या परिसरात विचारलंत तर बीजीए मशीनवाला (चिप उचलून पुन्हा बसवणारा कारागीर) माहीत असणारं कुणीतरी भेटेल. त्याला एकच प्रश्न विचारा: रिफ्लो करणार, रीबॉल करणार की चिप बदलणार? रिफ्लो म्हणजे हेच काम, फक्त नेमक्या जागी आणि तापमान सांभाळून. रीबॉलमध्ये चिप उचलून खालचे गोळे नवे बसवतात. पॅकेज आणि पीसीबी यांच्यातला सांधा गेला असेल तर त्याचा उपयोग होतो. बिघाड सिलिकॉनखालच्या बंपमध्ये असेल तर नवीन चिप बसवल्याशिवाय इलाज नाही. मेमरीची एखादी चिप गेली असेल तर ती तेवढीच बदलता येते, आणि दुकानातून खरोखर बरी होऊन येणारी कार्डं बरीचशी याच प्रकारातली असतात. ‘कार्ड घरी भाजलं होतं’ हे कारागिराला आधीच सांगा. ते लपवलं तर तो भलत्या ठिकाणी शोधत बसेल.

भाजलेलं कार्ड न सांगता विकणं ही सरळ फसवणूक आहे. वापरलेलं कार्ड घेताना म्हणूनच काही गोष्टी बघून घ्या. पीसीबीवरचे सगळे स्टिकर गायब आहेत का, बारकोडचा कागद पिवळट किंवा तपकिरी झालाय का, पोर्टांच्या प्लास्टिकच्या कडा गोलसर झाल्यात का, चिपेच्या कडेला वाळलेल्या फ्लक्सचा चिकट पिवळा डाग आहे का. स्क्रूच्या डोक्यावरचं कारखान्याचं लेबल फाटलेलं असणं एवढाच पुरावा धरू नका, पेस्ट बदलतानाही ते फाटतंच. विकणाऱ्याच्या मशीनवर किमान अर्धा तास गेम चालवा, मग मशीन बंद करून कार्ड पूर्ण गार होऊ द्या आणि पुन्हा सुरू करा. भाजलेल्या कार्डाचं बिंग बहुधा या दुसऱ्या, गार सुरुवातीला फुटतं.